गोळी सुटली, मग हिशेब कुणी द्यायचा?

 गटाची बैठक आटोपली असेल, कुणी भाकरी थापत असेल, तरी थोडा वेळ कान इकडे द्या.

आपल्या कागलला लागूनच निपाणी. 1981 साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी तिथं पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले होते. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी मारले गेले. कोल्हापूर भागातल्या जुन्या माणसांना तो दिवस आजही आठवतो. पोलिसाच्या गोळीनं माणूस मेला, तर त्याचा हिशेब कुणी द्यायचा, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

11 जुलै 1997. मुंबईत घाटकोपरला रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. वस्ती रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीनं गोळ्या झाडल्या. दहा माणसं गेली. लोक गॅसचा टँकर पेटवणार होते, असं पोलिसांकडून सांगण्यात आलं. सरकारनं नेमलेल्या न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानं मात्र गोळीबाराची गरज नव्हती असं म्हटलं आणि तुकडीचे प्रमुख उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जबाबदार धरलं. सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. 2009 मध्ये सत्र न्यायालयानं जन्मठेप दिली. पुढं उच्च न्यायालयानं शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. बारा वर्षं वाट बघून मिळालेला निकाल असा अर्ध्यावरच राहिला.

त्याच काळात मुंबईत ‘एन्काउंटर’ हा शब्द घरोघरी पोचला. 1995 ते 1997 या काळातल्या 99 चकमकी आणि त्यांत मेलेली सुमारे 135 माणसं, हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2014 साली न्यायालयानं नियम घालून दिले. चकमकीत माणूस मेला तर गुन्हा नोंदवायचा. तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करायचा. दंडाधिकाऱ्याची चौकशी व्हायची. घरच्यांना कळवायचं. आणि संशय फिटेपर्यंत त्या पोलिसांना पाळी सोडून बढती किंवा शौर्यपदक नाही.

आता एका तारेची गोष्ट. 11 नोव्हेंबर 2006 ला लखन भैया नावाच्या माणसाला आणि त्याच्या मित्राला वाशीहून उचललं. त्याचा भाऊ वकील. त्यानं त्याच दिवशी वरिष्ठांना तारा आणि फॅक्स केले, की माझ्या भावाला पळवून नेलंय. संध्याकाळी वर्सोव्यात चकमकीत मेल्याची बातमी आली. पण दुपारी पाठवलेली तार खोटी कशी म्हणणार? तो कागद खटल्यात कामाला आला. मित्राचा मात्र साक्ष देण्याआधीच, 2011 मध्ये खून झाला. 2013 मध्ये 13 पोलिसांसह 21 जणांना जन्मठेप झाली. सुटलेले अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही 19 मार्च 2024 ला उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं. निकाल देणाऱ्या दोन्ही न्यायमूर्ती बायका होत्या : रेवती मोहिते डेरे आणि गौरी गोडसे. शर्मांचं अपील पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं.

तुम्ही म्हणाल, गुंडासाठी एवढं कशाला? पोलिसांची बाजूही आहे. समोर हत्यारबंद माणूस असतो, विचाराला क्षणभरच मिळतो, घरी त्यांचीही बायकापोरं वाट बघतात. प्रत्येक गोळीला खटला लावला तर कोण पुढं होईल? हे खरंच आहे. म्हणूनच स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क कायद्यानं त्यांनाही दिलाय, जसा तुम्हाआम्हाला दिलाय. पण जीव वाचवायला गोळी झाडली की ठरवून मारलं, हे झाडणाऱ्यानंच सांगून कसं चालेल?

आपली खरी परीक्षा बदलापूरला झाली. 2024 मध्ये शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला. 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. पोलीस म्हणाले, त्यानं पिस्तूल हिसकावलं. कितीतरी ठिकाणी पेढे वाटले गेले. आपल्यातल्याही काहीजणी म्हणाल्या असतील, बरं झालं. आईचं काळीज आहे, मी दोष देत नाही. पण दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलीस जबाबदार ठरले आणि 7 एप्रिल 2025 ला उच्च न्यायालयानं गुन्हा नोंदवायला सांगितलं. आणि आरोपीच मेल्यावर त्या मुलींचं म्हणणं त्याच्यासमोर कोर्टात कधी मांडलं जाणार? तो निकाल त्यांचा होता. तो त्यांना मिळाला नाही.

बायकांच्या नावानं झाडलेल्या गोळीचा हिशेब बायकांनीच मागायला हवा.

जाता जाता एवढंच. घरातलं माणूस कुणी उचलून नेलं तर रडत बसू नका. तारीख, वेळ, गाडीचा नंबर लिहा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. एका तारेनं काय होतं, ते आज ऐकलंतच.