रशियांतील मोकळा बाजार

१९९२ च्या जानेवारीच्या दुसऱ्या तारखेस रशियाच्या सरकारनें पाव, दूध अशा थोड्या जिनसा वगळून बहुतेक वस्तूंच्या किंमती मोकळ्या सोडल्या. तत्पूर्वीं साठांहून अधिक वर्षें गिरणीनें किती कापड विणावें आणि तें किती रुबलांस विकावें, हें मॉस्कोंतील सरकारी खातीं ठरवीत असत. किंमत अल्प, परंतु माल नाहीं, अशी १९९१ अखेर स्थिति होती. किंमती मोकळ्या केल्यावांचून माल बाहेर येणार नाहीं, असें अध्यक्ष येल्त्सिन यांचे अर्थमंत्री येगोर गैदार यांचें म्हणणें होतें. माल आला खरा. पण वर्षअखेर किंमती सुमारें सव्वीसपट झाल्या, आणि जन्मभराची शिल्लक मातीमोल झाली. पेन्शनवर जगणाऱ्या वृद्ध स्त्रिया घरांतील चीजवस्तु घेऊन मॉस्कोच्या रस्त्यांवर विक्रीस उभ्या राहिल्या. बाजार मोकळा होता. न विकण्याची मोकळीक मात्र त्यांना नव्हती.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सरकारी कारखान्यांची मालकी प्रजेंत वांटण्यास आरंभ झाला. २५ रुबल भरून लहानथोर प्रत्येकास १०,००० रुबलांचें व्हाउचर मिळूं लागलें. त्याची किंमत पुढें दोन व्होल्गा मोटारींइतकी होईल, असें या योजनेचे सूत्रधार अनातोली चुबाइस यांनीं सांगितलें होतें. कल्पना उदार होती. परंतु भागीदाराचा हक्क राखणारा कायदा आणि फसव्यास जाब विचारणारें न्यायालय यांची तयारी व्हाउचरांच्या मागून यावयाची होती! गरजवंतानें व्हाउचर विकून टाकलें. कित्येक कारखाने जुन्या मॅनेजरांच्याच हातीं राहिले. १९९५ सालीं तर सरकारनें तेलाच्या व निकेलच्या कंपन्यांचे भाग कर्जापोटीं मूठभर बँकांकडे गहाण टाकले, आणि ते सोडविलेच नाहींत. यास सरकारचें अलिप्त राहणें कसें म्हणावें?

शेजारच्या चीननें १९८० नंतरच्या दशकांत निराळी वाट धरली होती. नेमलेला माल कारखान्यानें सरकारी भावानें द्यावा, वरचा बाजारभावानें विकावा, अशी ती रीत. दोन भावांतील फरकावर अधिकाऱ्यांनीं हात मारला, १९८८ सालीं महागाईनें लोक हैराण झाले. तरी जुना व्यवहार एका दिवसांत मोडला नाहीं.

१७ ऑगस्ट १९९८ रोजीं रशियन सरकारनें आपलें देशांतर्गत कर्ज फेडणें थांबविलें. रुबल कोसळला आणि बँकांपुढें रांगा लागल्या. १९९१ सालीं माणसें पावासाठीं उभीं होतीं, आतां स्वतःच्या ठेवींसाठीं.