संथ पायाचा हट्ट

पावसाळ्यात शर्यती विरळ झाल्या की सायकलवाल्यांत एकच सल्ला फिरतो: आता तीन महिने फक्त झोन टू. गप्पा मारता येतील इतक्याच जोराने तासन्‌तास चालवा, पाया पक्का होईल. घाट चढणाऱ्याला हेच, स्प्रिंटरला हेच, शेकडो किलोमीटरच्या बीआरएम राइड करणाऱ्यालाही हेच.

हा पूर्वपक्ष लेचापेचा नाही. २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या चौघांनी चार किलोमीटरची सांघिक पाठलाग शर्यत ३ मिनिटे ५९.७१० सेकंदांत जिंकली; चार मिनिटांच्या आतली ती पहिलीच वेळ. त्यासाठी ते वर्षाला २९ ते ३५ हजार किलोमीटर चालवत आणि त्यातले बरेचसे संथ.

पण ३५ हजार म्हणजे आठवड्याला पावणेसातशे किलोमीटर. एवढे अंतर सतत जोरात कापणे कोणाच्याही आवाक्यात नाही. संथपणा त्या अंतराच्या पोटी आला. शिवाय अनेक दिवसांच्या रस्ता-शर्यतीही त्यांच्या सरावाचा भाग होत्या. नोकरी सांभाळून आठवड्याला सहा तास काढणारा माणूस त्यांचे अंतर उचलू शकत नाही, नुसता संथपणा उचलतो.

व्यायामशास्त्रज्ञ रॉबर्ट हिक्सन यांचे १९८०च्या दशकातले प्रयोग या वादात फारसे कोणी काढत नाही. आठवड्याला सहा दिवस, रोज ४० मिनिटे कठोर व्यायाम केलेल्यांचा वेळ त्यांनी दोन-तृतीयांशाने घटवला, जोर तोच ठेवला. कमाल प्राणवायू-क्षमता टिकली, लांब पल्ल्याचा दमसास तेवढा उतरला. वेळ तोच ठेवून जोर घटवला, तेव्हा दोन्ही घसरले. स्वारांच्या वाटा इथेच फुटतात. ४० तासांत ६०० किलोमीटर पुरे करणाऱ्या बीआरएमवाल्याला तास हवेतच. सॅडलवर बसून राहण्याची, चालवता चालवता खाण्याची सवयही हवी. त्याच्यापुरता जुना सल्ला खरा. घाटवाल्याने जोर पुरता सोडला, तर हंगामात कमावलेले तो पावसाळ्यात घालवतो. ट्रॅकवरच्या स्प्रिंटरचा पाया जिममधल्या जड वजनांत असतो. त्याला दमट खोलीत, सायकल जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या ट्रेनरवर दोन-दोन तास संथ पेडल मारायला लावणे म्हणजे निव्वळ छळ.

आता क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांचे ‘८०-२०’, म्हणजे ऐंशी टक्के संथ नि वीस टक्के जोराचे, पुढे केले जाईल. जरूर करावे, पण त्यातले वीस गाळून नव्हे. अव्वल खेळाडूंच्या सरावसत्रांत साधारण पाचातले एक जोराचे असते, हेच तर ते सांगतात.

नवखे आणि हंगामाने पिळून निघालेले यांनी काही आठवडे संथ चालवावे, तिथे वाद नाही. सहा तासवाल्यांनी मात्र ऑफ-सीझनमध्येही आठवड्यातून एकदा धाप लागेपर्यंत चढ घ्यावेत. रस्ता निसरडा असेल तर ट्रेनरवर घ्या.