अनुरक्षण (बाल न्याय)

अनुरक्षण म्हणजे बालगृहासारख्या संस्थेत वाढून वयाच्या १८ व्या वर्षी तेथून बाहेर पडणाऱ्या तरुणांना समाजात स्थिरावण्यासाठी दिले जाणारे आर्थिक व अन्य साहाय्य. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ४६ मध्ये त्याची तरतूद आहे. रेल्वे फलाटावर किंवा पदपथावर राहिलेली, घरातून पळून आलेली, अनाथ वा पालकांनी सोडून दिलेली मुले बाल कल्याण समितीच्या आदेशाने बालगृहात दाखल होतात. १८ वर्षे पूर्ण होताच त्यांचा तेथील मुक्काम संपतो. त्या दिवसापर्यंत निवारा, जेवण, शाळा आणि ओळखीची माणसे एकाच छताखाली असल्याने ही सारी एकदमच सुटतात.

पार्श्वभूमी

मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ मध्ये स्थापन झाली. मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये बालकांविषयीचा कायदा झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी ही संस्था स्थापन झाली. १९८६ च्या केंद्रीय कायद्यात अनुरक्षण संस्थांचा उल्लेख होता. मात्र त्या कायद्यात मुलगा १६ व्या वर्षीच बालकाच्या व्याख्येबाहेर जात असे, मुलगी १८ व्या वर्षी. हा भेद २००० च्या कायद्याने दूर केला.

स्वरूप

अधिनियमातील व्याख्येनुसार अनुरक्षण १८ ते २१ या वयोगटासाठी आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अपवादात्मक परिस्थितीत ते आणखी दोन वर्षे देता येते. सहा ते आठ तरुणांनी एकत्र राहण्याची तात्पुरती सोय, व्यवसाय प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, स्वयंरोजगारासाठी कर्ज आणि नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक, असे त्याचे स्वरूप नियमांत सांगितले आहे. मुलगा किंवा मुलगी संस्थेतून बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी पुढील आयुष्याचा आराखडा तयार व्हावा, अशीही अपेक्षा आहे. केंद्र शासनाच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्रात हे काम महिला व बाल विकास विभागाकडे असून त्याचे आयुक्तालय पुण्यात आहे.

यांतील समुपदेशकाची तरतूद सर्वांत कमी खर्चाची आणि बहुधा सर्वांत मोलाची आहे. भाड्याची खोली घेताना, आजारपणात किंवा पहिली नोकरी सुटल्यावर इतर तरुण घरी फोन करतात. संस्थेत वाढलेल्यांना त्यासाठी कोणीतरी नेमून द्यावे लागते.

कागदपत्रे व अनाथ आरक्षण

समाजात मिसळण्याच्या वाटेवरची पहिली अडचण बहुतेकदा कागदोपत्री असते. शिधापत्रिका कुटुंबाच्या नावे निघते, तर जातीचा दाखला वडिलांकडील पुराव्यावर मिळतो. ज्याच्या पालकांचा पत्ताच नाही, तो जात सिद्ध करू शकत नाही आणि स्पर्धा परीक्षेत खुल्या प्रवर्गात मोजला जातो. संस्थेत वाढलेल्या एका तरुणीला राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत हाच अनुभव आला. तिने तो शासनापुढे मांडून पाठपुरावा केला. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने २ एप्रिल २०१८ च्या निर्णयाने अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकऱ्यांमध्ये १ टक्का समांतर आरक्षण लागू केले. पुढील सुधारणांत नातेवाइकांकडे वाढलेल्या अनाथांचाही विचार झाला. या सवलतीसाठी अनाथ प्रमाणपत्र लागते. ज्यांचे पालक हयात आहेत पण घर तुटले आहे, अशी पदपथावरची अनेक मुले त्यात बसत नाहीत.

संस्थेचे छत गेल्यानंतर काम व निवारा मिळाला नाही, तर दुसराच कायदा लागू होऊ शकतो. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ यात उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाराही भिक्षेकरी ठरू शकतो. म्हणजे १८ व्या वर्षापूर्वी ज्या स्थितीतील मुलाला काळजी व संरक्षणाची गरज आहे असे कायदा मानतो, त्याच स्थितीत तो पुढे ताब्यात घेण्याजोगा ठरतो.

पुणे जिल्ह्यात

सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२) यांनी पुरंदर तालुक्यातील कुंभारवळण येथे ममता बाल सदन सुरू केले. त्यांच्या संस्थांमध्ये १८ वर्षे ही घराची मर्यादा मानली गेली नाही. मुलांची शिक्षणे व लग्ने तेथूनच झाली, मुली माहेरपणाला तेथेच येत राहिल्या. पुण्यात एसओएस बालग्राम ही संस्थाही काही मुले आणि एक आई अशा कुटुंबपद्धतीने चालते.

ग्रामीण भागात प्रश्नाचे रूप वेगळे आहे. इंदापूर तालुक्यातील लासुर्णे हे गाव पुण्यापासून शंभर किलोमीटरहून दूर आहे. जवळच भवानीनगरचा साखर कारखाना, वालचंदनगर आणि बारामतीची औद्योगिक वसाहत असल्याने हा परिसर कामाला पारखा नाही. पण गावाकडे काम आणि खोली दोन्ही बहुधा ओळखीवर मिळतात, आणि 'कुणाचा, कुठला' या पहिल्याच प्रश्नाला संस्थेतून आलेल्या तरुणाकडे उत्तर नसते. गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखाली बाल संरक्षण समितीची रचना आहे. तिचे काम मात्र १८ वर्षांखालील मुलांपुरते आहे.