मल्टिमीटर : सुरक्षित वापर

मल्टिमीटर हे विद्युत दाब (व्होल्ट), प्रवाह (अँपिअर) आणि रोध (ओहम) मोजणारे उपकरण. ब्रिटिश पोस्ट ऑफिसातील अभियंता डोनल्ड मॅकेडी यांच्या कल्पनेतून घडलेला ‘ॲव्हो’ मीटर १९२३ मध्ये बाजारात आला आणि तीन मीटरांचे काम एकाच पेटीत होऊ लागले. ही सोय हेच धोक्याचेही मूळ आहे. मीटर बाहेरून नुसता पाहत नाही. प्रोब टेकताच तो मंडलाचा भाग होतो. त्यामुळे तो सुरक्षित आहे की नाही, हे तो कुठे आणि कसा जोडला यावर ठरते.

दाब मोजताना डिजिटल मल्टिमीटरचा रोध साधारण १० मेगाओहम असतो. २३० व्होल्टवर त्यातून जेमतेम २३ मायक्रोअँपिअर प्रवाह जातो. प्रवाह मोजण्याच्या खाचेत मात्र हाच रोध ओहमच्या अंशाइतका उरतो. आधीच्या कामानंतर लाल वायर १० अँपिअरच्या खाचेतच राहिली आणि प्रोब फेज-न्यूट्रलला लावले, तर तो सरळ शॉर्टसर्किट होय. मीटरमध्ये फ्यूज असतोच, मग भीती कशाची, असे विचारले जाते. पण फ्यूज फक्त प्रवाहाच्या खाचेचे रक्षण करतो, आणि तेही तो त्या दाबाला प्रवाह तोडू शकणारा असला तरच. २५० व्होल्टचा काचेचा फ्यूज थ्री-फेजच्या ४१५ व्होल्टवर फुटू शकतो, किंवा वितळल्यावरही आतली ठिणगी चालू ठेवू शकतो. फ्यूज बदलताना मूळ दर्जाचाच घालायचा, तो यासाठी. एसी प्रवाह मोजायला तारेभोवती अडकवायचा क्लँप मीटर बरा, कारण त्यासाठी मंडल तोडावे लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की मीटरवर १००० व्होल्ट छापलेले असताना घरातल्या २३० व्होल्टची काळजी कशाला? २३० व्होल्टचे शिखरमूल्यही सुमारे ३२५ व्होल्टच असते. तथापि वीज कडाडल्याने किंवा मोठी मोटर बंद केल्याने वायरिंगमध्ये काही मायक्रोसेकंद हजारो व्होल्टचा झटका येतो. तो मीटरच्या आत ठिणगी पाडतो आणि पुढे मुख्य पुरवठाच त्या ठिणगीला पोसतो. म्हणून आयईसी ६१०१० या आंतरराष्ट्रीय मानकमालिकेने जागेनुसार वर्ग पाडले आहेत : सॉकेटला लावलेल्या उपकरणांसाठी कॅट-२, डीबी (वितरण फलक) व इमारतीच्या पक्क्या वायरिंगसाठी कॅट-३, पुरवठा जिथून येतो तिथे, म्हणजे वीजमीटर व बाहेरच्या तारांसाठी, कॅट-४. कॅट-२ १००० व्होल्ट आणि कॅट-३ ६०० व्होल्ट या दोन्ही मीटरांची चाचणी ६००० व्होल्टच्या झटक्यावर होते. पण पहिल्यात स्रोताचा रोध १२ ओहम, दुसऱ्यात २ ओहम असतो. म्हणजे ५०० अँपिअरसमोर ३००० अँपिअर. छापील आकडा लहान असूनही डीबीवर दुसराच मीटर योग्य ठरतो. प्रोबही त्याच वर्गाचे हवेत. तडा गेलेल्या वायरीने चांगला मीटरही निकामी ठरतो.

जाणत्या कारागिराला एवढा सोपस्कार नको, असेही म्हणतात. पण पडद्यावरचे शून्य दोन गोष्टी सांगू शकते : लाइन बंद आहे, किंवा मीटर बंद आहे. आतून तुटलेली प्रोबची वायर, उतरलेली बॅटरी, चुकीची रेंज यांपैकी काहीही त्या शून्यावरून ओळखता येत नाही आणि अनुभवानेही कळत नाही. यावर उपाय तीन पायऱ्यांचा : आधी चालू असल्याची खात्री असलेल्या जागी मीटर तपासा, मग काम करायच्या जागी मोजा, आणि पुन्हा पहिल्या जागी तपासा. कपॅसिटर असेल तर पुरवठा तोडल्यावरही तो भारित राहतो. त्यातला भार रोधातून उतरवूनच ओहम मोजावेत. आणि तीन पायऱ्यांतली शेवटची तपासणी झाल्याशिवाय तारेला हात लावू नये.