कमरेचा बिचवा

१८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली बसली ती कायमचीच. तिचं लष्कर नावाचं शहर झालं; आमची कंपू वस्ती त्याच्याच पोटात.

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर विळी, अडकित्ता आणि बिचवा मांडतात. मुठीच्या कडीत झेंडू खोचायचं काम माझं. बिचवा हातात घेतला की कळतं, हे शिपायाच्या ऐपतीचं हत्यार. पातं अरुंद, दुधारी, नागमोडी. मूठ म्हणजे मागे वळवून कडी केलेली लोखंडी पट्टी. लाकूड नाही, खिळा नाही, म्हणजे ढिलं व्हायला काही नाही. कडीत बोटं अडकली की घामानेही हात सुटत नाही, शिवाय बोटांच्या पेरांवर आयतं कवच. १६५९ साली प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीत शिवाजी महाराजांकडे बिचवाही होता, तो अंगरख्यात लपतो म्हणून.

कट्यारीचा थाट निराळा. आडवी दुहेरी मूठ, चिलखत भेदायला जाड केलेलं टोक, सरदारांकडे वर सोन्याचं तारकाम, म्हणजे कोफ्तगरीही. जोर तिच्यात जास्त, पण बैठकीत कमरेला बोचणार हे नक्की.

रोजच्या कामाला मात्र बिचवा नापास. त्याने पेरू चिरून बघा! दोरी कापायला, फळं सोलायला सरळ एकधारी सुरीच हवी.

पुढे १८७८च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात हत्यारांवर परवाना आला. आजच्या नियमांतही नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रांत मोजतात, घरकाम-शेतीचा सोडून. विळी त्यामुळे वाचली.