विलायतेतली वेठ



आपल्या चोखोबारायांचा देह मंगळवेढ्याला भिंतीच्या कामावर पडला. ही वेठ विलायतेतही होती. सहाशे-सातशे वर्षांमागं तिथले पुष्कळ कुणबी जमीनदाराला बांधलेले होते. आठवड्यातले काही दिवस त्याच्या रानात फुकट राबायचं. त्याच्या परवानगीबिगर गाव सोडायचं नाही. लेकीच्या लग्नालासुद्धा त्याला पैसे भरायचे.

१३४८ साली तिथं प्लेग आला. गावंच्या गावं रिकामी झाली. मजूर जादा मजुरी मागू लागले, तर १३५१ साली कायद्यानं जुनाच दर बांधून दिला. वर लढाईसाठी डोईपट्टी. १३८१ च्या जूनमध्ये शेतकरी लंडनवर चालून गेले. त्यांच्यात जॉन बॉल नावाचा धर्मोपदेशक होता. देवानं सगळी माणसं सारखीच घडवली, असं तो सांगायचा. राजानं वेठ माफ केल्याचे कागद दिले आणि महिन्याच्या आत फिरवले. जॉन बॉलला फाशी दिलं. पण पुढं शे-सव्वाशे वर्षांत तिथली वेठ जवळजवळ मोडली.

मीही शेतकरीच. माझ्या रानात गडी येतात. वारीत ज्याच्या पाया पडायचं, त्याचीच मजुरी घरी आल्यावर अडवायची, ही वारी पांडुरंगाला पोचत नाही.