घामाचे तारण

मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा धावली ती १५ फेब्रुवारी २००४ रोजी. तिचा मार्ग दक्षिण मुंबईतून निघून वांद्र्याच्या आसपास परत फिरणारा. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड यांना त्या मार्गावर जागा नव्हती. तरीही या शर्यतीभोवती जी मदतनिधीची प्रथा वाढली, तिला बळ देणाऱ्यांत उपनगरांचा वाटा मोठा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या चढावर, आरेच्या रस्त्यांवर, पवई तलावाच्या काठी पाच-दहा मित्रमैत्रिणींचे गट पहाटे सराव करतात, शर्यतीच्या दिवशी अंधारातच विशेष लोकलने शहर गाठतात आणि त्याआधी काही आठवडे सोसायटीत, कार्यालयात, नातेवाइकांत कर्करुग्णांसाठी किंवा थॅलेसेमियाच्या मुलांसाठी पैसे मागतात. ही प्रथा परदेशातून जशीच्या तशी उचलली, असे सर्रास मानले जाते. तिचा बाहेरचा आकार परदेशी आहे, हे खरे. पण ती इथे रुजली ती उपनगरांत आधीपासून असलेल्या दोन सवयींवर. आजारी माणसासाठी पायी चालण्याची सवय आणि दारोदार जाऊन वर्गणी गोळा करण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या शेजारी-शेजारी नांदत होत्या. सहनशक्तीच्या शर्यतीने त्या एकत्र आणल्या.

वर्गणीचे महत्त्व कळायला उपनगरांतल्या रुग्णालयांच्या पाट्या वाचाव्यात. घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय अधिकृतपणे शेठ व्ही. सी. गांधी आणि एम. ए. व्होरा यांच्या नावाचे आहे, मुलुंडचे मनसादेवी तुलसीराम अगरवाल यांच्या आणि बोरिवलीचे हरिलाल भगवती यांच्या. रुग्णालयाला मोठ्या घराण्याचे किंवा मोठ्या माणसाचे नाव मिळते, ही या शहराची जुनी रीत. दहा-वीस रुपये देणाऱ्याचे नाव पाटीवर कधीच येत नाही, पण त्याच्या देण्यालाही स्वतंत्र इतिहास आहे. आझादनगरचा ‘अंधेरीचा राजा’ हा गणपती १९६६ मध्ये बसला तो त्या भागात राहणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांच्या पुढाकाराने. अशा मंडळांनी उपनगरांना एक गोष्ट शिकवली: ओळखीचा माणूस पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहिला की पैसे निघतात, आणि पुढच्या वर्षी हिशेबही त्यालाच विचारता येतो. मदतीसाठी नाटकाचा प्रयोग लावण्याची मराठी परंपराही याच घराण्यातली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी केलेला ‘संयुक्त मानापमान’ टिळक स्वराज्य फंडासाठी होता. जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत आणि पार्ल्यात वाढलेल्या पु. ल. देशपांडे यांनी प्रयोगांच्या उत्पन्नातून प्रतिष्ठान उभे केले. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला त्याच प्रतिष्ठानाने एक लाख रुपये दिले. या रीतीत देणाऱ्याच्या हाती तिकीट येत असे आणि त्या बदल्यात एक संध्याकाळ.

दुसरी सवय चालण्याची. सोमवारी रात्री अंधेरी-बोरिवलीकडून निघून मंगळवारी पहाटे अनवाणी सिद्धिविनायकाला पोहोचणारे तरुणांचे गट, किंवा साईंची पालखी घेऊन कसारा घाटातून शिर्डीपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणारी उपनगरांतली मंडळे यांच्यामागे अनेकदा एखाद्या घरातले आजारपण असते. आई अतिदक्षता विभागातून बरी होऊन आली, भावाची शस्त्रक्रिया पार पडली, म्हणून नवस फेडायला मुलगा निघतो आणि मित्र सोबत जातात. या चालण्यात श्रद्धा आहे आणि पायांना फोड येईपर्यंत सोसणे आहे. शेवटपर्यंत सोबत राहणारी मैत्रीही आहे. त्यात पैसा मागणे नाही, आणि ज्याच्यासाठी चालायचे तो रुग्ण आपल्या घरातला असतो. अनोळखी रुग्णासाठी चालावे आणि त्याच्या नावाने मागावे, ही पायरी अजून यायची होती.

ती पायरी बाहेरून आली, आणि मॅरेथॉनच्या बरीच आधी. १९७४ साली ब्रिटनमधील ‘हेल्प द एज्ड’ या संस्थेचे संस्थापक जॅक्सन कोल भारतात आले. त्यांच्या प्रेरणेने सॅमसन डॅनियल यांनी लंडनला प्रशिक्षण घेतले आणि परतून दिल्लीत शाळकरी मुलांची प्रायोजित पदयात्रा भरवली. ती इतकी यशस्वी झाली की पुढच्याच वर्षी मुंबई, कोलकाता आणि चेन्नईतल्या कामासाठीही प्रशिक्षक पाठवले गेले. १९७८ मध्ये हेल्पएज इंडियाची नोंदणी झाली. अमुक अंतर चालेन, त्यासाठी तुम्ही अमुक द्या, हा करार असा आधी मुलांच्या हातांतून पसरला. दरम्यान १९८० मध्ये कर्करोगाने पाय गमावलेला टेरी फॉक्स कॅनडात कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. त्याच्या नावाच्या दौडीची मुंबई आवृत्तीही होऊ लागली आणि तिचा निधी टाटा स्मारक रुग्णालयातील कर्करोग संशोधनाकडे गेला. १९८१ साली सुरू झालेल्या लंडन मॅरेथॉनने मदतनिधीला शर्यतीचे कायमचे अंग बनवले. २००४ मध्ये मुंबईने तोच नमुना घेतला. नोंदणीकृत संस्था, प्राप्तिकर सवलतीसाठी कलम ८०जीची पावती आणि पुढे युनायटेड वे मुंबईसारखी समन्वयक संस्था असे सगळे आल्यावर वर्गणीच्या पावतीपुस्तकाला कायद्याचे कवच मिळाले. तेव्हापासून या एका शर्यतीतून शेकडो कोटी रुपये सामाजिक कामांसाठी उभे राहिले आहेत.

यावर पहिला आक्षेप साधा आहे: द्यायचेच तर थेट द्यावे, धावायचे कशाला? बेचाळीस किलोमीटर धावल्याने कोणाचा रक्तगट बदलत नाही की गाठ विरघळत नाही. उत्तर देणाऱ्याच्या मनात शोधावे लागते. संस्थेचे पत्रक आले की माणूस ते बाजूला ठेवतो, कारण त्याला संस्था ओळखीची नसते. रोज लिफ्टमध्ये भेटणारा शेजारी चार महिने पहाटे उठतो आहे हे त्याने पाहिलेले असते. तो घाम म्हणजे शेजाऱ्याने ठेवलेले तारण असते: मी स्वतः एवढे घातले आहे, तेव्हा माझ्या शब्दावर तुम्ही थोडे घाला. गणपतीच्या वर्गणीत जी ओळख कामाला येत होती, ती इथे अधिक भारी झाली, कारण मागणाऱ्याने आधी स्वतः झीज सोसली. म्हणून या प्रथेचे मोजमाप एकूण रकमेपेक्षा देणाऱ्यांच्या संख्येने व्हावे. एरवी रुग्णालयाच्या नावाने एक रुपयाही न देणारी माणसे यामुळे देती झाली, हे तिचे खरे काम.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आरोग्य ही सरकारची जबाबदारी आहे, आणि मित्रांच्या धावण्याने तिला पळवाट मिळते. महाराष्ट्रात तर कायदाही आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. हा हक्क वर्गणीने भरून काढायचा नाही, तो मागूनच घ्यायचा. पण मोफत खाट मिळाली तरी बुलढाण्याहून आलेल्या आईने सहा महिने राहायचे कुठे, मुलाला सकस खायला काय द्यायचे, बापाची बुडालेली मजुरी कोण भरणार, हे प्रश्न कुठल्याच योजनेत पुरते बसत नाहीत. गाडगेबाबांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभ्या करताना हीच फट ओळखली होती. कर्करोगग्रस्त मुलांना आईवडिलांसह मोफत निवारा देणारी सेंट ज्यूड ही संस्था २००६ पासून मुंबईत तेच करते आहे. शर्यतीचा पैसा इथे योग्य ठिकाणी पडतो.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र अर्धी कबुली द्यावी लागते. ज्याचे मित्र श्रीमंत, त्याचा निधी मोठा. ज्या आजाराकडे पाहून मन हेलावते, त्याला जास्त. लहान मुलाच्या कर्करोगासाठी सहज हात पुढे येतात, क्षयरोगासाठी किंवा मनोरुग्णांसाठी येत नाहीत. वर्षातून एकदा भरणाऱ्या शर्यतीवर विसंबणेही धोक्याचे. करोनामुळे २०२१ आणि २०२२ मध्ये मुंबई मॅरेथॉन झालीच नाही, आणि आजार तर थांबले नव्हते. ही उणीव भरण्याचा मार्ग प्रथेच्या इतिहासातच आहे. वर्गणी मुळात वस्तीची होती, आणि तिचा हिशेबही वस्तीतच दिसत असे. मुलुंडच्या गटाने अगरवाल रुग्णालयाची, घाटकोपरच्या गटाने राजावाडीची, अंधेरीच्या गटाने कूपर रुग्णालयाची गरज तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना विचारून घ्यावी. मोठ्या संस्थांच्या यादीत नसलेला आजार त्यांनी निवडावा, आणि शर्यत झाल्यावरही दर महिन्याला थोडे थोडे जमवत राहावे. तसे झाले तर देणाऱ्यालाच आपला पैसा कुठे गेला ते चालत जाऊन पाहता येईल, आणि परिचयाच्या बळावर उभी राहिलेली ही प्रथा श्रीमंत परिचयावर अवलंबून राहणार नाही.